बाजार उठला

बाजारपेठेच्या वॉर्डाची रेघ वर गेली तेव्हा सांख्यिकी कार्यालयात सगळ्यांचे चेहरे उजळले. एकटी चाळणी गप्प होती.

चाळणी हे तिचं कार्यालयातलं नाव. हातात आलेला आकडा गाळून घेतल्याशिवाय ती पुढे सोडत नसे, म्हणून कुणीतरी कधीतरी ठेवलेलं. संचालक सोडले तर सगळे तिला तोंडावर तेच म्हणत, आणि तिलाही त्यात वावगं वाटत नसे.

एरवी या कार्यालयाचे आकडे इतके उशिरा बाहेर पडत की ज्यांना ते हवे असत ते मागितल्याचंही विसरून गेलेले असत. पण साथ आली, दुकानांना कुलपं लागली आणि सरकारला आजचं आज कळायला हवं झालं. तेव्हा संचालकांनी सरकारी आणि खाजगी आकडे एका भांड्यात घालायचं ठरवलं. एक पेमेंट कंपनी कार्डावर झालेली खरेदी कळवणार, टेलिफोन कंपनी माणसांची ये-जा कळवणार, आणि नगरपालिका दुकानांच्या कचऱ्याचं वजन देणार, कारण धंदा चालला की कचरा होतोच. हे सगळं एकत्र करून प्रत्येक वॉर्डाची एक रेघ काढायची आणि दर सोमवारी ती सगळ्यांना दिसेल अशा पानावर टाकायची. जोडाजोडीचं हे काम चाळणीकडे होतं. सुरुवातीला तिला त्याचा अभिमानही वाटला होता. सरकारनं मदत या रेघेला बांधली होती. ज्या वॉर्डाची रेघ पडलेली, तिथल्या दुकानांतल्या नोकरांचा अर्धा पगार सरकार भरायचं. रेघ सावरली की मदत बंद.

आणि आता बाजारपेठेची रेघ सावरली होती.

"बघा, कोंब फुटलाय," पेमेंट कंपनीचा प्रतिनिधी पडद्यावरच्या चौकोनातून म्हणाला. त्याला सगळे पाठीमागे मखमल म्हणत. आवाज इतका मऊ, की तो बोलत असला की समोरच्याला आपणच उद्धट आहोत असं वाटावं.

"पण माणसं वाढलेली नाहीत," चाळणी म्हणाली. "फोनचे आकडे सांगतायत, बाजारात गेल्या महिन्याइतकीच माणसं येतायत. मग ही खरेदी कोण करतंय? आणि एवढा कचरा कुणाचा?"

"लोक एकदाच येतात, ताई, आणि भरपूर घेऊन जातात. भीती आहे ना मनात."

संचालकांनी घसा खाकरला. "तीनपैकी दोन आकडे वर आहेत, बाई. आपण तिन्ही मिळून बघतो. हे तुम्हीच ठरवलेलं ना?"

तिनंच ठरवलेलं होतं.

संध्याकाळी मंत्र्यांनी टीव्हीवर हात उंचावून सांगितलं, "मला सांगायला आनंद होतो की बाजार उठला आहे!"

चाळणीचा दीर टीव्हीसमोर बसला होता. तो हसायला लागला आणि हसता हसता खोकायला लागला. "खरं बोलला बघा, वहिनी. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला. उठलाच आहे बाजार. आमचाही उठवलाय."

दिराची त्या बाजारपेठेत छोटी खानावळ होती. टेबलं उलटी करून ठेवलेली, नुसते डबे बांधून द्यायचा. नवरा जहाजावर होता आणि जहाज परक्या बंदरात अडकून पडलं होतं, त्यामुळे घरात चाळणी, सासूबाई आणि दीर अशी तिघंच. गेले काही दिवस दीर घरी आला की आधी न्हाणीघरात शिरायचा आणि पाणी संपेपर्यंत बाहेर यायचा नाही. तरी त्याच्या अंगाला एक वास यायचाच.

"कसला रे हा वास?" सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

"फिनेलचा."

"फिनेलचा नाही. फिनेलच्या खालचा विचारतेय मी."

चाळणी म्हणाली, "भाऊजी, उद्या मी तुमच्याबरोबर बाजारात येते."

"कशाला?"

"कचरा बघायला."

"काही खाऊन येऊ नका मग," तो म्हणाला.

सकाळी ती त्याच्यामागे बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरली आणि पहिल्या वळणालाच तिनं मास्कवर हात दाबला. गल्लीच्या टोकाला एक जुनं शीतगृह होतं. बाजारातले मासळीवाले, मटणवाले, खानावळवाले सगळे आपला माल तिथे ठेवत. दुकानं बंद झाली, भाडी थकली, तेव्हा मालकानं वीज तोडली आणि तो दुसऱ्या शहरात मुलीकडे निघून गेला. आतला माल आतच राहिला. आता रोगराई पसरेल म्हणून नगरपालिकेनं सगळ्यांना तो उचलायला लावला होता.

दार उघडं होतं. उंबऱ्यावरून तांबूस-काळं पाणी गटाराकडे चाललं होतं आणि त्या पाण्यावर तवंग होता. आत माणसं गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून खोकी ओढत होती. खोकी भिजून मऊ झालेली. एकाचा तळ सुटला आणि आतून जे पडलं ते मांस होतं असं सांगावं लागलं असतं. ते हलत होतं. अळ्यांनी ते असं भरलं होतं की जमिनीवर पडल्यावरही त्याची वळवळ थांबेना. ज्याच्या हातातून पडलं त्यानं शिवी हासडली नाही की तोंड फिरवलं नाही. त्यानं फावडं घेतलं आणि ते पोत्यात भरलं.

पोती कचऱ्याच्या ट्रकमध्ये चढत होती. ट्रकचा चालक नळाची रबरी नळी धरून उभा होता आणि चढलेल्या पोत्यांवर आरामात पाणी मारत होता.

"हे का?" चाळणीनं विचारलं.

"धूळ उडते, बाई."

"यातून धूळ उडते?"

चालक मास्कच्या आत हसला, ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. "वजनावर पैसे आहेत आमच्या मालकाला. तुम्हाला का त्रास? तुमच्या खिशातून जातायत का?"

चाळणीला गेल्या सोमवारची रेघ आठवली. तिनं स्वतः ती हिरव्या रंगात काढली होती. धंदा चालला की कचरा होतो, हे वाक्यही पानाच्या तळाशी तिनंच लिहिलं होतं. मास्क काढायच्या आत तिला ओकारी आली. गरम, आंबट, हनुवटीवरून गळ्यात. दिरानं तिला भिंतीशी नेलं, आपला रुमाल दिला आणि तिला लाज वाटू नये म्हणून तो पाठ करून उभा राहिला.

तोंड पुसून ती वर पाहते तो समोरच्या ओट्यावर एक मटणवाला बसला होता. तो पोत्यात न गेलेले तुकडे निवडत होता. कडा कापायच्या, हिरवं खरवडायचं आणि उरलेलं व्हिनेगरच्या बादलीत बुडवायचं. बादलीशेजारी स्वच्छ ताटलीत असे बरेच तुकडे मांडून ठेवले होते, गुलाबी, छान.

"हे विकणार?" ती कुजबुजली.

"धुतलं की कळत नाही," दीर म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं मान खाली घातली. "शीतगृह उघडलं त्या पहिल्या आठवड्यात मीही केलंय. नंतर नाही जमलं."

पहिल्या आठवड्यात तो रोज घरी डबा आणत होता आणि तिघं मिळून तो संपवत होती. "आपल्या डब्यात?" असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की घरच्या डब्यात नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेलं. त्या उत्तरानं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच नंतर तिला सगळ्यात जास्त शिसारी आली.

खानावळीत ती पाणी प्यायला बसली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ डबा न्यायला आले. त्यांनी नोट पुढे केली. दिरानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: रोख घेतली जाणार नाही. म्हाताऱ्यांनी पुटपुटत कार्ड काढलं आणि गल्ल्याशेजारच्या छोट्या यंत्राला टेकवलं.

"हे यंत्र कधी आलं?"

"गेल्या महिन्यात. सगळ्या बाजाराला फुकट वाटली की. नोटांना हात लावायला लोक घाबरतात ना."

"कुणी वाटली?"

दिरानं यंत्र उलटं केलं. मागे मखमलच्या कंपनीचं चिन्ह होतं.

चाळणीनं कपाळाला हात लावला. हे म्हातारे पूर्वीही डबा नेत होते, रोख देऊन. तेव्हा ते कुठल्याही आकड्यात नव्हते. आता तोच डबा, तेच म्हातारे, आणि रेघेला वाटतंय नवीन गिऱ्हाईक आलं. कचऱ्याच्या वजनात सडलेला माल आणि नळाचं पाणी. खरेदीच्या आकड्यात जुनीच गिऱ्हाइकं नव्या कपड्यात. दोन खोट्या गोष्टी तिनं इमानेइतबारे एकत्र केल्या होत्या आणि वर हिरवा रंग दिला होता.

घरी जाऊन तिनं अंघोळ केली, कपडे बदलले आणि मखमलला फोन लावला. पडद्यावर तो नेहमीसारखा टापटीप. मागे पुस्तकांचं कपाट.

"मला प्रत्येक वॉर्डात तुमची किती यंत्रं आहेत ते हवंय. दर महिन्याचं."

"ताई, ते जरा व्यावसायिक गुपित आहे."

"बाजारपेठेत तुम्ही गेल्या महिन्यात यंत्रं वाटलीत. खरेदी वाढलेली नाही, मोजायचं माप वाढलंय. हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

मखमल हसला, अगदी कौतुकानं. "आलं ना. आमच्याकडे काय कमी हुशार माणसं आहेत? तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून बोललो नाही. करारात आहे, आम्ही कच्चे आकडे देणार. पक्के करून देऊ असं कुठे म्हटलंय?" मग तो पुढे झुकला. "खरं सांगू का? तुमच्यासारखं माणूस तिथे वाया जातंय. आमच्याकडे या. हे बघा, तुम्ही जे म्हणताय तेच काम आमची मुलं करतात."

त्यानं आपला पडदा तिला दाखवला. तिथे तोच वॉर्ड होता, तेच आठवडे. नवी यंत्रं वजा केलेली, कचऱ्याचा आकडा बाजूला काढलेला, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: शीतगृह रिकामं करणं चालू. रेघ जमिनीला टेकली होती आणि अजून खाली चालली होती.

चाळणी बघतच राहिली. तिला जे शोधायला गल्लीत ओकावं लागलं ते इथे नीट रंगवून तयार होतं.

"हे कोण बघतं?"

"ग्राहक. गुंतवणूकदार, जागा घेणारे, असे. पैसे भरून घेतात."

"आणि सरकारला?"

"सरकारसाठी तुमची रेघ आहे की," मखमल म्हणाला, इतक्या मऊपणे की त्यात त्याला काही वाईट दिसत होतं असं वाटेना.

तिनं नमस्कार न करता फोन बंद केला. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना आकड्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण एवढं कळलं.

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातायत मेले," त्या म्हणाल्या. "आणि वर कसा गोड बोलतोय बघ."

दुसऱ्या दिवशी ती संचालकांच्या खोलीत गेली. खिडक्या उघड्या, खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या. संचालक चहा घेत होते. तिनं सगळं सांगितलं: पोती, नळी, यंत्रं, मखमलच्या पडद्यावरची रेघ. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माणूस वाईट नव्हता. ती आजारी पडली तेव्हा रोज फोन करून विचारपूस करणारा हाच माणूस.

"तुमचं बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग रेघ मागे घेऊ या."

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "मागे घेतली तर कंपनी आकडे बंद करेल. मग आपल्याकडे काय उरतं? उद्या हीच पद्धत चांगल्या कामाला येईल. मंत्री टीव्हीवर बोलून बसलेत. आता त्यांना तोंडघशी पाडायचं? आकड्यांच्या पुढच्या सुधारणेत बघू. हळूहळू खाली आणू, कुणाला कळणार नाही."

"तोवर तिथल्या नोकरांचा पगार बंद होईल, सर."

"मला का दुःख नाही, बाई?"

बिस्किट मऊ होऊन चहात गळून पडलं. संचालकांनी बोट घालून ते कपाच्या तळातून काढलं आणि तोंडात टाकलं. चाळणीला त्या गल्लीतलं फुटलेलं खोकं आठवलं आणि ती झटकन उठली. त्यांना वाटलं तिला राग आला. राग नव्हता. तिथे आणखी बसली असती तर त्यांच्या गालिच्यावर ओकली असती.

सोमवारी पान बाहेर टाकायचं काम तिचंच होतं. तिनं बाजारपेठेची रेघ पुसली. रिकाम्या जागी लिहिलं: "या वॉर्डाचे आकडे विश्वास ठेवण्याजोगे नाहीत. कचऱ्यात वाढ झाली ती सडलेला साठा फेकल्यामुळे आणि त्यावर पाणी मारल्यामुळे. कार्डावरची खरेदी वाढली ती नवीन यंत्रं वाटल्यामुळे. हे दुरुस्त केलेले आकडे कंपनीकडे आहेत आणि ती ते विकते." वाचून पाहिलं. भाषा सरकारी नव्हती. तिनं तसंच राहू दिलं आणि बटण दाबलं.

दुपारच्या आत पान गायब झालं. "तांत्रिक कारणास्तव" अशी ओळ आली आणि मग पान परत आलं, हिरव्या रेघेसकट. पान गायब व्हायच्या आधी दिरानं आणि आणखी काही दुकानदारांनी ते फोनवर टिपून ठेवलं होतं. ते घेऊन ते मदत कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाला, "ही चूक झाली होती. दुरुस्त केलीये."

चाळणीची बदली जनावरांच्या गणनेच्या विभागात झाली. जाताना संचालक दारापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, तिथे दगदग कमी आहे. मखमलचा फोनवर संदेश आला: "तुमच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक वाटतं. आमची दारं उघडी आहेत." खाली जोडलेल्या हातांचं चित्र. तिनं तो संदेश पुसून टाकला, तरी दिवसभर बोटांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

मदत ठरल्याप्रमाणे बंद झाली. दिरानं स्वयंपाक्याला आणि भांडी घासणाऱ्या बाईला घरी पाठवलं. बाई जाताना आपला एप्रन धुऊन, वाळवून, घडी करून ठेवून गेली. त्यानंतर बाजारात एक दलाल फिरू लागला. चांगल्या कपड्यांतला, हातात टॅब. गल्लीतली दुकानं तो एकेक करून बघत होता. दिराच्या खानावळीत तो आला त्या दिवशी दीर घरी आला तो न्हाणीघरात गेला नाही. सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला.

"भाव सांगितला त्यानं. मी म्हटलं, एवढा कमी? बाजार सावरतोय म्हणून सरकार सांगतंय. हसला. म्हणाला, 'तुमच्या वॉर्डात काही राम नाही हो, आमच्याकडे आकडे आहेत.' आणि टॅब माझ्यासमोर धरला."

चाळणीला विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं. "रेघ कशी होती?"

"भुईला टेकलेली." दिरानं तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, सरकार म्हणतं तुम्ही बरे आहात, म्हणून औषध बंद. हा म्हणतो तुम्ही मेलेले आहात, म्हणून कफनाच्या भावात जागा द्या. दोघांचे आकडे निघतात एकाच यंत्रातून, आणि ते यंत्र माझ्या गल्ल्यावर ठेवलंय. मीच रोज चार्जिंगला लावतो."

सासूबाई भाजी चिरता चिरता थांबल्या.

त्यानं खानावळ विकली. भांडायला जोर उरला नव्हता. गल्लीतली बहुतेक दुकानं त्याच एका मालकाकडे गेली आणि शीतगृहही गेलं. ते धुऊन, पांढरं रंगवून परत सुरू झालं. साथ ओसरली तशी टेबलं सरळ झाली. नव्या मालकाला तिथे जाणता माणूस हवा होता. त्यानं दिरालाच व्यवस्थापक म्हणून ठेवलं, छातीवर बिल्ला लावलेला सदरा दिला. दीर गेला. दुसरं कुठे जाणार होता?

चाळणी जनावरं मोजत होती. गाई, म्हशी, शेळ्या. ती कुठल्या गोठ्यात जायची तेव्हा शेणाच्या वासानं सोबतचे लोक नाक मुरडायचे. तिला तो वास स्वच्छ वाटायचा.

एका रविवारी दीर नव्या मालकाच्या खानावळीतून डबा घेऊन आला. मासळी, भात, वर लिंबाची फोड. डब्यावर सोनेरी अक्षरं. सासूबाईंनी तीन ताटं मांडली. दीर बसला, बिल्ला काढायलाही विसरला. चाळणीनं पहिला घास उचलला. मासळी ताजी होती, चांगली शिजलेली होती, मीठ बरोबर होतं. घास तोंडात फिरत राहिला आणि घशाखाली उतरेना.

"खा गं," सासूबाई म्हणाल्या. "त्या मासळीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"काही नाही, आई."

तिनं पाण्याबरोबर तो घास कसाबसा गिळला. मग आपलं ताट दिराकडे सरकवलं. सकाळपासून उभा होता तो, भूक लागली होती त्याला. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, ताट जवळ ओढलं आणि मान खाली घालून जेवू लागला.